मदत हवी आहे: डेब पॅकेजमध्ये सोबत दिलेली लायब्ररी सापडते, पण त्या लायब्ररीला लागणारी दुसरी सापडत नाही

नमस्कार मंडळी, सी प्लस प्लसमधल्या एका टूलचं डेब पॅकेज (डेबियन-उबुंटूवर इन्स्टॉल करायची फाइल) करतोय आणि तीन दिवस एकाच जागी अडकलोय. बिल्ड उबुंटू २२.०४ वर. टूलला लागणाऱ्या दोन लायब्ररी (डॉट एसओ फाइली) रेपोत, म्हणजे सिस्टिमच्या पॅकेज-साठ्यात, मिळत नाहीत म्हणून त्या पॅकेजमध्येच घातल्यात, ऑप्टखाली टूलचा फोल्डर, त्यात बिन आणि शेजारी लिब, आणि पॅचएल्फ या टूलने मुख्य बायनरीला लिबचा आरपाथ (लायब्ररी कुठे शोधायच्या तो पत्ता) दिलाय, $ओरिजिन (ती फाइल स्वतः जिथे आहे तो फोल्डर) वापरून. माझ्या मशीनवर मस्त चालतं (पण तिथे त्याच लायब्ररी सिस्टिममध्येही टाकलेल्या आहेत, त्यामुळे त्या चालण्याला काही अर्थ नाही हे आत्ता कळतंय). कोऱ्या डेबियन १२ वर मात्र सुरूच होत नाही. एलडीडी (कोणती लायब्ररी कुठून येते ते दाखवणारी कमांड) केलं तर पहिली लायब्ररी बरोबर लिबमधून उचललेली दिसते आणि तिला जी दुसरी लागते तिच्यापुढे 'नॉट फाउंड'. दोन्ही फाइली एकाच फोल्डरात आहेत! एलडी_लायब्ररी_पाथ (लायब्ररी शोधायचा फोल्डर सांगणारं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल) हाताने दिला की लगेच चालतं, पण वापरणाऱ्याला रोज हे करायला लावणं मला पटत नाही, आणि एलडीकॉन्फिगच्या (सगळ्या सिस्टिमसाठीच्या) यादीत आपला फोल्डर घुसवला तर बाकीचे प्रोग्रामही माझ्याच लायब्ररी उचलतील, ते तर नकोच.

डेबियन ११ वर पाथ देऊनही 'जीलिबसी २.३४ नॉट फाउंड' येतं (जीलिबसी म्हणजे सिस्टिमची मूळ सी लायब्ररी), तिथे २.३१ आहे. मी २.३४ मधलं नवीन काहीच वापरलेलं नाही, मग हे आलं कुठून? जीलिबसीपण सोबत द्यायची का?

प्रतिसाद १:
बायनरीवर रीडएल्फ -डी (आतल्या नोंदी दाखवणारी कमांड) करून बघ, आरपाथ नाही, रनपाथ दिसेल. पॅचएल्फ वेगळं सांगितलं नाही तर रनपाथच लिहितं. आरपाथ लायब्ररीच्या लायब्ररीलाही लागू होतो, रनपाथ ज्या फाइलवर लिहिलाय तिच्या स्वतःच्या नीडेड नोंदींपुरताच (तिला थेट लागणाऱ्या लायब्ररींपुरताच). म्हणून लिबमधल्या प्रत्येक डॉट एसओ फाइलवर नुसतं $ओरिजिन सेट कर. पॅचएल्फच्या फोर्स-आरपाथ पर्यायानेही सुटेल, पण आरपाथ एलडी_लायब्ररी_पाथच्याही आधी बघितला जातो, मग टेस्टिंगला वेगळी लायब्ररी देता येत नाही, म्हणून मी टाळतो.

जीलिबसी अजिबात सोबत देऊ नकोस, लोडर (प्रोग्राम सुरू करताना लायब्ररी जोडणारा भाग) आणि ती एकाच व्हर्जनचे लागतात. २.३४ मध्ये पीथ्रेड (थ्रेडची वेगळी लायब्ररी) मुख्य लिबसीत विलीन झाली आणि मेनच्या आधी चालणाऱ्या फंक्शनलाही नवीन व्हर्जन मिळालं, त्यामुळे नवीन जीलिबसीवर बांधलेली साधी बायनरीसुद्धा २.३४ मागते. डेबियन ११ च्या कंटेनरमध्ये बिल्ड कर. फक्त ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी) लागत असेल तर ११ मध्ये लिबएसएसएल १.१ आहे आणि १२ मध्ये ३, एकच डेब दोन्हीकडे चालणार नाही. डिपेंड्स (पॅकेजला लागणाऱ्या इतर पॅकेजांची यादी) हाताने लिहू नको, डीपीकेजी-एसएचलिबडेप्स या टूलला काढू दे.

धागाकर्ता:
$ओरिजिन लावलं आणि डेबियन १२ वर चाललं, खूप आभार! ओपनएसएसएल आहेच, म्हणजे दोन बिल्ड आले. एकाच रिलीजच्या दोन डेबना व्हर्जन काय द्यायचं?

प्रतिसाद १:
शेवटी ~डेब११ आणि ~डेब१२ लाव. व्हर्जनच्या तुलनेत ~डेब११ हे ~डेब१२ पेक्षा लहान ठरतं, त्यामुळे कुणी सिस्टिम १२ वर नेली आणि रेपोत १२ वालं असलं की अपग्रेडमध्ये तेच येतं.