आरोप छापला, खुलासा छापला, बातमी कुठे आहे?

रोजचा वाचक: स्थानिक घोटाळा हल्ली पेपरात कसा येतो बघा. पहिल्या दिवशी विरोधकाचा आरोप. दुसऱ्या दिवशी सत्ताधाऱ्याचा खुलासा. तिसऱ्या दिवशी ‘आरोप-प्रत्यारोपांनी वातावरण तापले’. मग सगळं थंड. निविदा कोणाला मिळाली, बिलावर सही कोणाची, लेखापरीक्षणात आक्षेप होता का, यावर एक ओळ नाही. १९८१ मध्ये ‘इंडियन एक्सप्रेस’ने मुख्यमंत्री अंतुल्यांच्या प्रतिष्ठानाला सिमेंट वाटपाच्या बदल्यात देणग्या घेतल्याचं प्रकरण बाहेर काढलं आणि जानेवारी १९८२ मध्ये त्यांना पायउतार व्हावं लागलं. तो दम गेला कुठे?

जुना उपसंपादक: उदाहरण चुकलं. ते मुख्यमंत्र्यांचं प्रकरण होतं, मागे वकील परवडणारं साखळी दैनिक. तालुक्याचा वार्ताहर बहुतेकदा पगारी नसतो, जाहिरातीच्या कमिशनवर घर चालवतो. आणि जाहिरात देणारा तोच नगरसेवक, ज्याच्या ठेक्याची बातमी द्यायची! शिवाय बदनामी हा आपल्याकडे फौजदारी गुन्हा, दोन वर्षांपर्यंत कैद. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला, २०२४ पासून नव्या न्याय संहितेत कलम ३५६ झाला. ‘सूत्रांकडून समजते’ ही भाषा हौसेने येत नाही. आणि दर्जा घसरला म्हणता, पालिकेच्या पातळीवर तो उंच कधी होता?

रोजचा वाचक: शेवटचा टोला बसला. पण दुसऱ्याचा आरोप जसाच्या तसा छापला तरी खटला होऊ शकतोच की. त्यापेक्षा कागद छापा. कॅलिफोर्नियातलं बेल हे छोटं, गरीब शहर. तिथला मुख्य प्रशासक वर्षाला जवळपास आठ लाख डॉलर पगार घेतो, हे २०१० मध्ये ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने नोंदी मागवून दाखवलं. आपल्याकडे २००५ पासून माहिती अधिकार आहे. किती वार्ताहर अर्ज टाकतात?

जुना उपसंपादक: आणि ती बातमी येईपर्यंत बेलच्या नगर परिषदेच्या सभांना नियमित बसणारा वार्ताहर नव्हता, हे सोयीस्कर विसरलात. मोठं दैनिक आलं तेव्हा कळलं. म्हणजे माझंच म्हणणं.

काठावरची: उपसंपादक, सगळं गरीब वार्ताहरावर ढकलू नका. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत एकाच नेत्याची स्तुती, शब्द न् शब्द सारखी, एकमेकांच्या स्पर्धक दैनिकांत आली होती. पत्रकार पी. साईनाथांनी ते ‘पेड न्यूज’चं, म्हणजे पैसे घेऊन बातमी छापण्याचं, प्रकरण म्हणून उघड केलं. ते पेपर काही उपाशी नव्हते. खरं सांगा, तुमच्या टेबलावर किती बातम्या मेल्या?

जुना उपसंपादक: मोजल्या नाहीत. एक आठवते, पाणीयोजनेची. बिलांच्या प्रती हातात होत्या. रात्री जाहिरात विभागाचा फोन आला आणि त्या जागेवर अर्ध्या पानाची जाहिरात गेली. पान मीच लावलं होतं.