गिटारला सिंथ पिकअप: ‘पोरखेळ’ म्हणणाऱ्यांना सविस्तर उत्तर

सहावी तार

याच मंचावरचे सदस्य ‘मूळ सूर’ यांच्या परवाच्या टिपणाला तिथेच दोन ओळींत उत्तर देऊन विषय सोडून द्यावा, असे ठरवले होते. पण ते टिपण पुन्हा वाचले आणि राहवले नाही. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, इलेक्ट्रिक गिटारला सिंथ पिकअप (तारांची कंपने टिपून त्यांवर सिंथेसायझरचे आवाज वाजवू देणारे उपकरण) लावणे म्हणजे चांगल्या वाद्याला भोके पाडून त्यातून बासरी काढण्याचा हव्यास आहे, ज्याला बासरीचा आवाज हवा त्याने सरळ कीबोर्ड आणावा, आणि ज्यांना धड गिटारही येत नाही व कीबोर्डही येत नाही अशांचा हा पोरखेळ आहे.

भोकांचे आधी बोलू. रोलंडचा जीके-३ हा सिंथ पिकअप, ब्रिज (तारा जिच्यावर टेकतात ती घोडी) आणि त्याच्या शेजारचा साधा पिकअप यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीने बसतो, आणि फिशमनचा ट्रिपलप्लेही गिटारला कायमची इजा न करता लावता व काढता येतो. ज्यांना सगळे आत दडवायचे असते ते लाकूड कोरून घेतात, पण तो त्यांचा शौक झाला. तंत्राची ती अट नव्हे.

आता कीबोर्डविषयी. साध्या पिकअपमधून सहाही तारांचा आवाज एकत्र बाहेर पडतो, तर या पिकअपमध्ये प्रत्येक तारेखाली स्वतंत्र छोटा पिकअप असल्यामुळे सहा तारांचे सहा वेगळे सिग्नल मिळतात. त्यामुळे जाड तारांवर बेस आणि उरलेल्यांवर व्हायोलिनचा ताफा, अशी वाटणी करता येते. खुंट्यांना हात न लावता एकेका तारेचे ट्यूनिंगही बदलता येते. पण मला महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. साध्या कीबोर्डवर पट्टी दाबल्यानंतर त्या बोटाचा सुरावर काही अधिकार उरत नाही, सूर हलवायचा तर दुसऱ्या हाताने चाक फिरवावे लागते आणि त्याबरोबर त्या आवाजातले सगळेच सूर हलतात. गिटारवर जे बोट सूर धरते तेच तो ओढते, आणि शेजारची तार जागची हलत नाही. जॅझ गिटारवादक पॅट मेथेनी १९८० साली आलेला रोलंडचा गिटार सिंथ जीआर-३०० आजतागायत उगाळत बसले आहेत, ते कीबोर्ड परवडत नाही म्हणून नव्हे.

राहिला विलंबाचा आक्षेप, म्हणजे तार छेडल्यावर सिंथचा आवाज उशिरा येतो हा. सर्वांत जाड तारेचा सूर ८२.४ हर्ट्झचा, म्हणजे तिचे एक आंदोलन पूर्ण व्हायला सुमारे १२ मिलिसेकंद लागतात, आणि सूर ओळखणाऱ्या कोणत्याही यंत्राला निदान एक आंदोलन तरी पाहावेच लागते. तेवढ्या वेळात आवाज हवेतून साधारण चार मीटर जातो. स्टेजवर अँप्लिफायरपासून चार मीटर दूर उभे राहून वाजवताना आजवर कोणी विलंबाची तक्रार केल्याचे माझ्या कानावर नाही.

मूळ सूर

हिशेब सुरेख मांडलात, पण सोयीचा तेवढाच मांडलात. अँपपासून चार मीटर दूर उभे राहिले तर सहाही तारा सारख्याच उशिरा ऐकू येतात. आपल्या यंत्रात मात्र जाड तारेला १२ आणि सर्वांत बारीक तारेला, ती ३३० हर्ट्झच्या आसपास असल्यामुळे, अवघे तीन मिलिसेकंद लागतात. म्हणजे एकाच झटक्यात वाजवलेला कॉर्ड, म्हणजे अनेक सुरांचा गुच्छ, यंत्रातून फाटून बाहेर येतो. शिवाय एक आंदोलन हा आपण धरलेला किमान आकडा आहे. तार छेडल्यावरचा पहिला क्षण नुसता खरखरीचा असतो, त्यामुळे यंत्राला प्रत्यक्षात त्याहून जास्त थांबावे लागते, हे आपल्याला ठाऊक नसेल असे मला वाटत नाही.

गेल्या गणेशोत्सवात आमच्याच पेठेतल्या मंडळापुढे एका गृहस्थांनी या पिकअपवर पियानो वाजवला. वाजवला म्हणजे काय, तर डाव्या हाताचे बोट तारेवरून उचलले की प्रत्येक वेळी खालच्या पट्टीतला एक सूर आपण होऊन ओरडत होता. साध्या गिटारवर जो स्पर्श कोणाला ऐकूही येत नाही तो इथे पियानोचा ठोका होऊन बाहेर पडतो. समोर बसलेल्या आजोबांनी नातवाला विचारले की, हे यंत्र बिघडले आहे का?

आणि समजा, सिंथचा आवाज हवाच आहे. २०१५ साली बॉसने एसवाय-३०० हा गिटार सिंथ आणला, तो साध्या गिटारला साध्या वायरीने जोडता येतो. मग हा वेगळा पिकअप, तेरा पिनांची जाडजूड वायर आणि गिटारच्या पोटाला लटकणारा तो डबा, हे सगळे कशासाठी?

टापकीर गल्ली

एसवाय-३०० चांगला आहे, पण त्याला सहा तारा एकत्रच मिळतात, त्यामुळे ‘या तारेला हा आवाज आणि त्या तारेला तो’ हे त्याच्याकडून होत नाही. मुद्दा एवढाच आहे.

आपल्या मंडळापुढच्या गृहस्थांचा पिकअप बहुधा नीट लावलेला नव्हता, आणि त्यात त्यांचा दोष असेलच असे नाही. माझी स्वतःची गिटार मी एका नावाजलेल्या दुरुस्तीवाल्याकडे दिली होती. त्याने पिकअप ब्रिजपासून इतका दूर बसवला की तार जोरात छेडली की ती पिकअपलाच आपटायची, आणि वर मलाच सांगितले की ‘या वस्तूचा आवाज असाच असतो’. शेवटी घरी टेबलावर सगळे उलगडून बसलो. शेवटच्या फ्रेटवर (गिटारच्या गळ्यावरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) तार दाबून धरायची आणि त्या स्थितीत तार व पिकअप यांच्यामध्ये एक मिलिमीटरची फट ठेवायची, इतके साधे आहे. मी फट मोजायच्या जुन्या फीलर गेजची पाती वापरतो. सहाही तारांना हे करावे लागते, कारण पिकअप सरळ आणि फ्रेटबोर्ड गोलाईचा असेल तर मधल्या तारा दूर राहतात. मग यंत्रात प्रत्येक तारेची संवेदनशीलता वेगळी लावायची. जो गिटारवाला सगळ्या तारांना एकच आकडा ठेवून मोकळा होतो, त्याच्या हातून सूर ओरडणारच.

या शहरात गिटारचे काम करणारे पुष्कळ आहेत, पण दिलेले कागदपत्र वाचून काम करणारे शोधावे लागतात. यावर वेगळा धागा काढायचा विचार आहे.

पेटीवाला

विलंब आणि भोके राहू द्या, मला वेगळाच प्रश्न पडला आहे. ‘जे बोट सूर धरते तेच तो ओढते’ हे वाक्य वाचायला फार छान वाटते, परंतु मी ऐकलेल्या प्रत्येक सिंथ गिटारवर मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणे) ही मींड राहत नाही, तिचा जिना होतो. पंचमावरून धैवतावर जाताना मधल्या पायऱ्या मोजता येतात. आपल्याकडे गिटारवर हिंदुस्थानी संगीत वाजले ते ब्रिजभूषण काब्रांच्या स्लाइडने, आणि तिथे तारेवरून लोखंड सरकते म्हणून मींड मिळते. फ्रेटवर बोट ठेवून, वर सूर ओळखणाऱ्या यंत्राची मध्यस्थी घालून तीच गोष्ट साधेल, असा दावा करू नये.

सहावी तार

जिना ऐकू येतो, हे खरे आहे. तो कोठून येतो तेही सांगतो, म्हणजे पिकअपवरचा आळ टळेल. रोलंडच्या सिंथमध्ये ‘क्रोमॅटिक’ नावाची एक सोय असते. ती चालू असली की यंत्र प्रत्येक सूर जवळच्या अर्ध्या सुरावर नेऊन बसवते. पियानोच्या आवाजासाठी ती हवी असते, सारंगीच्या आवाजाला ती मारक आहे. दुसरे कारण मिडीचे, म्हणजे वाद्ये एकमेकांना आकड्यांत संदेश पाठवतात त्या पद्धतीचे. सूर किती ओढला हा संदेश यंत्र १६,३८४ पायऱ्यांत पाठवू शकते, तेवढ्या पायऱ्या कोणत्याही कानाला मोजता येणार नाहीत. परंतु पाठवणाऱ्याने पल्ला एका सप्तकाचा धरला आणि ऐकणारा सिंथ नेहमीप्रमाणे दोनच अर्ध्या सुरांवर बसलेला असला, तर वाजवणारा धैवतावर पोहोचतो आणि आवाज वाटेतच अडकतो. दोन्हीकडे तोच आकडा ठेवावा आणि सहा तारांना सहा चॅनेल द्यावेत. यमनची आलापी मी याच जोडणीवर घरी वाजवतो आणि मला जिना ऐकू येत नाही.

जीआर-३०० मध्ये तर हा प्रश्नच उद्भवत नाही. तो मिडीच्याही आधीचा आहे, सूर ओळखून आकडे पाठवण्याच्या भानगडीत तो पडत नाही, तारेच्या कंपनाबरोबरच त्याचा आवाज चालतो.

मूळ सूर

म्हणजे मींड हवी असेल तर चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीचे यंत्र शोधावे किंवा दोन यंत्रांच्या आकड्यांचे लग्न लावत बसावे. छान. बाकी मींड कशी असावी याचे धडे आता पेटीवाल्यांकडून घ्यायचे, हा दिवसही पाहायला मिळाला! ज्या वाद्यात दोन पट्ट्यांमध्ये काहीच नाही, त्याच्या वादकाला जिना खटकतो. आकाशवाणीने त्या वाद्याला १९४० साली दाराबाहेर काढले ते काही उगाच नव्हे.

पेटीवाला

आपण माझ्यावर बोला, पेटीवर बोलू नका.

त्या बंदीला रवींद्रनाथांसारख्या माणसाचा पाठिंबा होता, ती सुमारे तीस वर्षे टिकली, आणि त्या तीस वर्षांत एकाही घरातली पेटी बंद पडली नाही, हाही इतिहास आहे. परदेशी वाद्य, ठरावीक सूर, मींड नाही, हे सगळे आक्षेप तेव्हा पेटीवर घेतले गेले, आणि हार्मोनिअमवादक गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी त्यांना वाजवून उत्तर दिले. संगीत नाटकात ऑर्गन आला तेव्हाही नाके मुरडली गेलीच असतील. आज त्या ऑर्गनवाचून नाट्यपद ऐकायला गेले तर आपल्यासारखेच लोक पैसे परत मागतील. पेटीत मींड नाही म्हणूनच मींड म्हणजे काय हे पेटीवाल्याला जास्त कळते. गायकाने घेतलेली मींड त्याला रोज सुरांच्या तुकड्यांतून भासवावी लागते, तेव्हा जिना कोठे लपतो आणि कोठे उघडा पडतो हे आम्हाला कोणी सांगायला नको.

‘सहावी तार’ यांनी आपला यमन इथे चढवावा. क्रोमॅटिक बंद करून, साथीला दुसरे काहीही न ठेवता. तोवर माझा आक्षेप कायम आहे.

पट्टी काळी चार

आपण सगळे मींडेत रमला आहात, म्हणून पोटाचा प्रश्न मांडते. मी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवते. एका आयोजकाने गेल्या हंगामात मला सरळ सांगितले की, ‘ताई, आमचा गिटारवाला बासरी, सॅक्सोफोन आणि व्हायोलिन सगळेच काढतो, मग दोन माणसांचे पैसे कशाला?’ कार्यक्रम ऐकायला मी मुद्दाम गेले. सॅक्सोफोनचा तुकडा वाजवताना त्या बिचाऱ्याची मूळची ऱ्हिदम गिटार बंद पडत होती, कारण हात दोनच आहेत. पिकअप चांगला की वाईट ते मला कळत नाही. तो खर्च वाचवण्याचे साधन म्हणून विकला जातो, याचा मला राग आहे.

टापकीर गल्ली

ताई, राग समजतो. पण कीबोर्ड आला तेव्हा ऑर्केस्ट्रातल्या चार व्हायोलिनवाल्यांना आयोजकांनी हेच वाक्य ऐकवले होते आणि तेव्हा कीबोर्डवाल्यांनी धागा काढला नव्हता.

पट्टी काळी चार

तेव्हा मी शाळेत होते. आयोजकाचे वाक्य तेच असेल तर दोष आयोजकाचा आहे, एवढे तरी आपण मान्य कराल की नाही?

टापकीर गल्ली

केले.

सहावी तार

ऱ्हिदम बंद पडते, हा मुद्दा मात्र अर्धाच खरा आहे. सिंथ पिकअपच्या तेरा पिनांच्या वायरीतून साध्या पिकअपचा आवाजही वेगळा जातो, त्यामुळे गिटार आणि सॅक्सोफोन एकाच वेळी मिसळता येतात. अर्थात हाताने सॅक्सोफोनचा तुकडा वाजत असेल तर त्याखाली गिटारही तोच तुकडा वाजवणार, दोन माणसांची कामे ती करणार नाही. ‘मूळ सूर’ यांनी मांडलेला कॉर्ड फाटण्याचा मुद्दाही मी नाकारत नाही. म्हणूनच मी मिडीवर झपाट्याने कॉर्ड वाजवत नाही. कॉर्डसाठी रोलंडच्या १९९५ च्या व्हीजी-८ या यंत्रापासून चालत आलेली दुसरी पद्धत वापरतो, जिच्यात सूर ओळखायची वाट न पाहता तारेच्या सिग्नललाच नवे रूप दिले जाते. बॉसच्या एसवाय-१००० मध्ये दोन्ही पद्धती आहेत. कोणता आवाज कोणत्या पद्धतीने काढायचा, हे ठरवणे म्हणजेच हे वाद्य येणे. मंडळापुढच्या गृहस्थांना ते येत नव्हते, याचे खापर पिकअपवर का फोडायचे?

यमन रविवारी चढवतो.

मूळ सूर

चढवा, ऐकतो. पेटीवाल्यांआधी मीच दोष काढीन.

मी एवढे मान्य करतो की, आपल्या हातात हा पोरखेळ नसावा. शंभरांपैकी उरलेल्या नव्व्याण्णवांच्या हातात तो आहेच. आणि तेरा पिनांच्या वायरीविषयी कोणीच बोलत नाही, हे माझ्या लक्षात आले आहे. साधी वायर तुटली तर कोणाकडूनही मागून घेता येते, ही वायर ऐन कार्यक्रमात तुटली तर पुण्यात रात्री नऊ वाजता ती कोण देणार? २०२३ मध्ये बॉसनेच जीके-५ हा नवा पिकअप आणून तेरा पिना सोडल्या आणि साधी दिसणारी वायर घेतली. कंपनीलाही अखेर ते ओझे वाटले, आपल्यालाच का वाटत नाही?

टापकीर गल्ली

त्यांनी सोडल्या, पण आपल्या जुन्या पिकअपला नवे यंत्र जोडायचे तर मध्ये बदलणारा डबा वेगळा विकत घ्यावा लागतो, तेव्हा ओझे कोणाच्या खांद्यावर गेले ते आपणच ठरवा.

वायरीबद्दल सांगतो. ती बहुतेक वेळा प्लगच्या तोंडाशीच तुटते आणि बारीक टोकाच्या सोल्डरिंग आयर्नने जोडता येते. १ ते ६ पिना सहा तारांच्या, ७ वर साध्या पिकअपचा आवाज, ८ वर सिंथचा व्हॉल्यूम, ९ रिकामी, १० आणि ११ वर दोन बटणे, १२ वर अधिक ७ व्होल्ट आणि १३ वर उणे ७ व्होल्ट. शेवटच्या दोहोंना शेजाऱ्याशी चिकटू देऊ नये आणि जोडल्यावर यंत्राला लावण्याआधी प्रत्येक पिन मल्टीमीटरने तपासावी. एक तार मुकी झाली तर १ ते ६ मध्ये पाहा; सहाही एकदम गेल्या आणि साधी गिटार मात्र वाजते आहे असे झाले, तर आधी १२ आणि १३ तपासा.