मदत हवी आहे: बिनअल्कोहोलचा सुगंधी स्प्रे दुधाळ होतोय
मंडळी, वाळा आणि संत्रासालीच्या तेलाचा पाण्यातला स्प्रे करतेय. पॉलिसॉर्बेट ८० (तेल-पाणी एकत्र धरणारा सर्फॅक्टंट) आणि प्रोब सोनिकेटर (ध्वनिलहरींनी तेलाचे थेंब फोडणारं यंत्र) वापरून नॅनोइमल्शन, म्हणजे पाण्यात तेलाचे अतिसूक्ष्म थेंब, झकास जमतं. उजेडात धरलं की निळसर झाक दिसते. पण ठेवलं की हळूहळू दुधाळ होतं, बाटलीच्या गळ्याशी तेलाचं कडं धरतं. नुसत्या वाळ्याचं टिकतं, म्हणून संशय संत्रासालीच्या तेलातल्या लिमोनीनवर. ते पाण्यात किंचित विरघळतं आणि बारीक थेंबांतून मोठ्या थेंबांत जातं, म्हणजे ऑस्टवाल्ड रायपनिंग. त्यावर उपाय म्हणून एमसीटी तेल (पाण्यात जवळपास न विरघळणारं, बिनवासाचं पातळ तेल) मिसळतात म्हणे. पण सुती कपड्यावर डाग न पडता किती टक्के चालेल? सर्फॅक्टंट वाढवायचा नाही, अंगाला चिकट लागतं (आणि वासही दबतो). शिवाय पाणी आलं की बुरशी आलीच. त्यासाठी फिनॉक्सिइथेनॉल (प्रिझर्व्हेटिव्ह) घातल्यावर कुणाचं इमल्शन फुटलंय का?