ब्लू नोटला 'कोमल गंधार' म्हणावं का?

निळासूर: ब्लूज हा अमेरिकन संगीतप्रकार शिकवताना सर्रास सांगतात: धानी रागाचे सा, कोमल ग, म, प, कोमल नि घ्या, त्यात तीव्र मध्यम घाला, झाली ब्लूज स्केल. या समीकरणाला माझा विरोध आहे. ब्लूज गाणाऱ्याचा गंधार, म्हणजेच ब्लू नोट, कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये हलत असतो. शिवाय 'ए'मधल्या (ए हा षड्ज असलेल्या) ब्लूजमध्ये खाली ए सेव्हन कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) असते, म्हणजे शुद्ध गंधार (सी शार्प) वाजतोच आहे. वर गायलेला सी, म्हणजे कोमल गंधार, त्याला घासतो. ती घासच ब्लूज! धानीत हे कुठे येतं?

बाराबार: सहमत नाही. आधी सांगाडा हवा. ए सेव्हन चार बार (एक बार चार मात्रांचा), डी सेव्हन दोन, ए सेव्हन दोन, मग ई सेव्हन, डी सेव्हन, ए सेव्हन एकेक बार आणि बाराव्यात पुन्हा ई सेव्हन. 48 मात्रांचं आवर्तन. हे सहा सूर त्यात कुठेही चालतात, म्हणून नवशिक्याला कोमल गंधार सांगणंच सोपं.

निळासूर: 'कुठेही चालतात' म्हणूनच वाजवणं सपाट होतं. ए सेव्हनवर गिटारच्या तिसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटचा (पडद्याचा) सी पाव स्वर बेंड करा, म्हणजे तार खेचून चढवा. पहिल्या बोटाने तार जमिनीकडे खेचायची. अर्धा स्वर गेला की सरळ सी शार्प लागतो आणि रंग संपतो. पाचव्या बारात डी सेव्हन आली की तोच सी कॉर्डचा स्वतःचा सूर होतो. तिथे तो स्थिर ठेवा, सी शार्पपर्यंत नेलात तर बेसूर वाटेल. 'कोमल ग' एवढंच शिकलेल्याला हा फरक कळणार कसा?

काळीपांढरी: पियानोवर बेंड होत नाही, मग आमच्यासाठी 'कोमल गंधार' हे नाव तरी राहू द्या. 'सी'मध्ये ई फ्लॅटच्या काळीवरून ईच्या पांढरीवर एकच बोट घसरवायचं. 'ए'मध्ये मात्र पांढरीवरून काळीवर चढायचं असतं. तिथे दोन बोटं लागतात.

बाराबार: बेंडचा मुद्दा मान्य. पण जॅझ ब्लूजमध्ये तुमचा कानही पुरणार नाही. आठव्या बारात बहुधा एफ शार्प सेव्हन येते, तिच्यात ए शार्प आहे. तिथे षड्जच टोचतो. नवव्यात बी मायनर सेव्हन, दहाव्यात ई सेव्हन. इथे कॉर्डचे सूर पाठच हवेत.

निळासूर: हो, ते पाठच हवेत. तरी रागाचाच दाखला द्यायचा तर धानीपेक्षा जोग द्या. दोन्ही गंधार आहेत, निदान कान तयार होईल.