दोन सर्व्हर लावून कोटेशनमध्ये ‘हाय अव्हेलेबिलिटी’ लिहिणं बंद करा

सांवेर_रोड_सिस्टीमवाला

एका सर्व्हरवर अनेक आभासी मशिनी (व्हीएम) चालवायचं सॉफ्टवेअर बनवणारी व्हीएमवेअर ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये घेतली, डिसेंबरमध्ये कायमची लायसन्सं विकणं बंद करून सगळं सबस्क्रिप्शनवर नेलं आणि तेव्हापासून आपल्या इंदुरात आणि आसपास सांवेर रोड म्हणा, पोलोग्राउंड म्हणा, पिथमपूर म्हणा, छोटे कारखाने एकामागून एक प्रॉक्समॉक्सवर, म्हणजे त्याच कामाच्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर, चाललेत. त्याला माझा विरोध नाही, मी स्वतः तेच लावतो. विरोध आहे कोटेशनमधल्या एका ओळीला, ‘२ नोड क्लस्टर विथ हाय अव्हेलेबिलिटी’ (एचए), म्हणजे एकत्र जोडलेले दोन सर्व्हर आणि न थांबणारी सेवा. जुने दोन सर्व्हर तेच ठेवायचे, वरचं सॉफ्टवेअर बदलायचं आणि मालकाला सांगायचं की एक बंद पडला तर दुसरा आपोआप सांभाळेल.

नाही सांभाळणार. व्हीएमवेअरमध्ये दोन होस्टवर (सर्व्हरवर) चालायचं कारण तिथलं एचए बहुमत बघतच नाही, शेअर्ड स्टोरेजवर व्हीएमच्या फाइलला लॉक असतो, ज्याच्याकडे लॉक त्याचीच व्हीएम चालणार. प्रॉक्समॉक्समध्ये कोरोसिंक नावाचा भाग नोडची मतं मोजतो, बहुमत असेल तरच व्हीएम सुरू करता येते. दोन नोड म्हणजे दोन मतं, बहुमत दोनचं, एक गेला की उरलेल्याकडे बहुमत नाही. आणि त्या उरलेल्यावर एचएमधल्या व्हीएम चालू असतील तर वॉचडॉग (अडकलेलं मशीन रीस्टार्ट करणारा पहारेकरी) साधारण मिनिटाभरात त्यालाच रिसेट मारतो! म्हणजे मेला एक आणि बंद दोन्ही.

मे महिन्यातल्या वादळात एका कारखान्यात हेच झालं, मला नंतर बोलावलं. एका सर्व्हरचे पॉवर सप्लाय गेलेले, दुसरा धडधाकट, पण तोही रीबूट होऊन वर आलेला आणि कुठल्याही व्हीएमवर स्टार्ट दाबलं की ‘क्लस्टर नॉट रेडी, नो क्वोरम’, म्हणजे बहुमत नाही. गेटवर माल भरलेले ट्रक उभे, बिल निघेना. तिसरं मत असतं तर दोन-तीन मिनिटांत सगळं दुसरीकडे उठलं असतं. माझं म्हणणं एवढंच, तिसरं मत नसेल तर तो शब्द कोटेशनमध्ये लिहू नका.

पलासिया_इंटिग्रेटर

दादा, गणित बरोबर आहे पण तुम्ही ग्राहक बघितलेला दिसत नाही. ज्याची चाळीस माणसांची फॅक्टरी आहे तो तिसरा सर्व्हर घेणार नाही, कितीही समजवा. मी दोन नोड लावतो आणि एचए मुद्दाम बंद ठेवतो, झेडएफएस रेप्लिकेशन, म्हणजे डिस्कची नक्कल दुसऱ्या नोडवर, दर पंधरा मिनिटांनी. एक नोड गेला तर मला फोन येतो, मी लांबून ‘पीव्हीईसीएम एक्स्पेक्टेड १’ (एकच मत पुरे असं सांगणारी कमांड) मारतो, कॉन्फिग फाइल इकडे हलवतो, व्हीएम चालू. दहा-पंधरा मिनिटांचं काम. आणि खरं सांगू का, दोन नोडवर माणसाने निर्णय घेणं हे मशीनने घेण्यापेक्षा बरं. कोरोसिंकला नेटवर्क जरा जरी अडखळलेलं चालत नाही आणि छोट्या फॅक्टरीत एकच स्विच, त्यावरच कॅमेरे, त्यावरच वायफाय. तिथे एचए चालू ठेवलं तर स्विच रीस्टार्ट झाला की सर्व्हरही रीस्टार्ट.

सांवेर_रोड_सिस्टीमवाला

एचए बंद ठेवता हे चांगलंच करता, पण मग कोटेशनमध्ये ‘मॅन्युअल फेलओव्हर’ लिहा ना, मालकाला कळू दे की रात्री दोनला तुम्ही फोन उचलला तरच धंदा चालू होणार आहे.

आणि ती एक्स्पेक्टेड १ वाली कमांड मला तुमच्याइतकी निरुपद्रवी वाटत नाही. लांबून बसून तुम्हाला कसं कळतं की पलीकडचा नोड खरंच मेलाय? फक्त केबल निघाली असेल तर? तो तिकडे जिवंत आहे, त्याच्यावर व्हीएम चालू आहे, इकडे तुम्ही तीच व्हीएम दुसऱ्यांदा उठवली. एकाच आयपीच्या दोन मशिनी, स्टोअरच्या एन्ट्र्या एकीत आणि अकाउंटच्या दुसरीत. असे दोन डेटाबेस आपोआप पुन्हा जोडून मिळत नाहीत, बसा हाताने जुळवत.

तिसरा सर्व्हर घ्या असं मी म्हटलेलंच नाही. क्यूडिव्हाइस नावाची गोष्ट आहे, एखादा जुना पीसी घ्या, डेबियन टाका, कोरोसिंक-क्यूनेटडी चालवा, त्याचं काम फक्त मत द्यायचं. प्रॉक्समॉक्सची मंडळी स्वतः दोन नोडसाठी हेच सुचवतात. फक्त तो त्याच क्लस्टरमधली व्हीएम नसावा, नाहीतर काय उपयोग.

ईआरपी_सपोर्ट_ताई

मला क्वोरम वगैरे फार कळत नाही, पण ते पंधरा मिनिटांचं रेप्लिकेशन सगळे इतकं सहज लिहितायत म्हणून बोलते. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्या बहुतेक धंद्यांना ई-इन्व्हॉइस (जीएसटीच्या पोर्टलवर नोंदवायचं बिल) आहे. समजा अकराला रेप्लिकेशन झालं, अकरा-दहाला बिल बनलं, सरकारी पोर्टलवर जाऊन आयआरएन (बिलाचा नोंदणी नंबर) आला, ई-वे बिल निघालं, ट्रक देवासच्या वाटेला लागला, आणि अकरा-बाराला सर्व्हर गेला. दुसरा सर्व्हर उठतो तो अकराच्या डेटावर. त्या बिलाचा पत्ताच नाही. अकाउंटंट पुढचा नंबर म्हणून तोच नंबर दुसऱ्या पार्टीला टाकतो, पोर्टल म्हणतं डुप्लिकेट आयआरएन. आता बसा पोर्टलवर एकेक बिल शोधत. ‘पंधरा मिनिटांच्या एन्ट्र्या पुन्हा मारू’ असं म्हणणाऱ्याने एकदा महिनाअखेरीला अकाउंट्समध्ये बसून बघावं.

पलासिया_इंटिग्रेटर

ताई, हा मुद्दा मान्य. रेप्लिकेशन एक मिनिटावर आणता येतं, ईआरपीच्या व्हीएमला तसं लावेन. शून्यावर मात येत नाही, ते असिंक्रोनसच आहे, नक्कल नेहमी थोडी मागेच असते.

हायपरव्ही_भिया

भिया लोक, विंडोजवाल्यांकडे, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीत, साक्षीदार आधीपासून आहे, फाइल शेअर विटनेस, नेटवर्कवरचं एक फोल्डर जे मताचं काम करतं. सर्व्हर २०१९ पासून तर राउटरला लावलेला यूएसबी ड्राइव्हसुद्धा चालतो. एवढं तिसरं मत तिसरं मत करायची गरज काय?

सांवेर_रोड_सिस्टीमवाला

म्हणजे तेही तिसरं मतच झालं, फक्त यूएसबीच्या रूपात. बरं, लायसन्सचं सांगा. विंडोज सर्व्हर स्टँडर्ड एका होस्टवर दोन विंडोज व्हीएम देतो. तुमच्या दोन होस्टवर दोन-दोन आहेत, एक होस्ट गेला तर दुसऱ्यावर चार होणार, म्हणजे दोन्हीकडे चार-चारचं लायसन्स आधीपासून हवं. हे प्रॉक्समॉक्सवरही तसंच लागू आहे आणि हे कुणाच्याच कोटेशनमध्ये दिसत नाही.

रॅमचंही तेच. दोन्ही सर्व्हर १२८ जीबीचे आणि दोन्हींवर ९० जीबी वापरात. एक गेला तर १८० जीबी कुठे बसवणार? दोन नोडच्या रचनेत प्रत्येकाने अर्धंच भरायचं असतं, पण मालकाला अर्धा सर्व्हर रिकामा दिसला की तो म्हणतो अजून दोन व्हीएम टाका, आणि आपण टाकतो.

राजवाडा_बॅकअपवाला

तुम्ही सगळे चुकीच्या जागी भांडताय असं माझं स्पष्ट मत आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये व्हीएमवेअरच्या सर्व्हरवर ईएसएक्सआयआर्ग्स रॅन्समवेअर (फाइली एन्क्रिप्ट म्हणजे कुलूपबंद करून खंडणी मागणारं) आलं, ज्या होलमधून आलं त्याचा पॅच फेब्रुवारी २०२१ पासून होता. तिथे एचएने काय केलं असतं? एन्क्रिप्ट झालेली व्हीएम मोठ्या इमाने दुसऱ्या होस्टवर चालू करून दिली असती. रेप्लिकेशन तर खराब झालेला डेटासुद्धा मिनिटा-मिनिटाला पलीकडे पोचवतं. छोट्या कारखान्याला एक चांगला सर्व्हर, चांगल्या एसएसडी, त्याही पॉवर लॉस प्रोटेक्शनवाल्याच (वीज गेली तरी लिहिला जाणारा डेटा वाचवणाऱ्या), आणि वेगळ्या मशीनवर प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर, एवढं पुरे. वर एक कॉपी बिल्डिंगच्या बाहेर. क्लस्टरचा पैसा तिकडे लावा. आणि स्नॅपशॉटला (त्याच डिस्कवरची त्या क्षणाची प्रत) बॅकअप म्हणणाऱ्यांशी मी बोलतच नाही, ती डिस्क गेली की स्नॅपशॉटही गेला.

सांवेर_रोड_सिस्टीमवाला

बॅकअप आधी, यात वाद नाही. पण एकच सर्व्हर असला आणि मदरबोर्ड गेला तर इंदुरात तो पार्ट किती दिवसांनी येतो? रिस्टोअर करायलाही मशीन लागते. म्हणून दुसरा सर्व्हर हवा, आणि दुसरा आला की मतांचा प्रश्न आलाच.

पलासिया_इंटिग्रेटर

ठीक आहे, पुढच्या कोटेशनपासून क्यूडिव्हाइस टाकतो, तो बॅकअपच्याच मशीनवर चालवेन म्हणजे वेगळा पीसी मागायला नको. पण एचए आपोआप ठेवणार नाही, जोवर कोरोसिंकला वेगळा स्विच मिळत नाही तोवर. त्यावर मी ठाम आहे.

सांवेर_रोड_सिस्टीमवाला

चालेल. फक्त ती बॅकअपची मशीन दोन्ही सर्व्हरच्याच यूपीएसवर लावू नका. आणि वेगळा स्विच म्हणजे आठ पोर्टचा साधा गिगाबिट, कोरोसिंकला त्याहून जास्त लागत नाही. तोही त्याच कोटेशनमध्ये घाला, नंतर मागायला गेलात तर मालक देणार नाही.