मदत हवी आहे : सोनटक्का, अबोली आणि मोगऱ्याची छाटणी

नमस्कार मंडळी. आमचं घर वेंगुर्ल्याजवळ, जांभ्याची जमीन, समुद्राचा खारा वारा थेट अंगणात येतो. परसातली फुलझाडं सासूबाईंनी लावलेली. आता त्यांना वाकवत नाही, म्हणून यंदा सगळं माझ्याकडे आलंय.

पाऊस गेला आणि सोनटक्क्याचा बहर सरला. फुलून गेलेल्या दांड्यांची टोकं तपकिरी पडलीत, पानं कडेने करपलीत. फुललेल्या दांड्याला पुन्हा फूल येत नाही, तेव्हा तो बुंध्याशी कापायचा हे मला ठाऊक आहे. पण बुडाशी बोटभर लांबीचे गुलाबीसर कोंब दिसतायत. दाटीत कोयता घातला तर तेच आधी तुटतील अशी भीती वाटते. जुने दांडे आत्ताच काढू, की पुरते पिवळे होऊ देऊ? गड्डे फार दाटलेत, तेही याच वेळी फोडून वेगळे करावेत का?

अबोलीच्या वाळल्या कणसांवर पाणी शिंपडलं की बोंडं तडतड फुटून बी उडतं. थोडी कणसं रोपांसाठी ठेवलीत, बाकीची खुडतेय. फांद्या मात्र काटकुळ्या झाल्यात. किती खाली छाटू?

मोगरा थंडीत छाटून शेणखत घालायचा विचार आहे. आमच्याकडे थंडी बेताचीच, म्हणून नेमका महिना हवाय. किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी स्वतःचा अनुभव सांगितलात तर फार बरं होईल. सासूबाई रोज संध्याकाळी पडवीत बसून याच झाडांकडे बघत असतात, एकही दगावू द्यायचं नाहीये.