रॉड तुटतो तो का?
"रॉड घातलाय, मग तुटलाच कसा?" असं एकाने विचारलंय, खुबा मोडल्यावर मांडीच्या हाडात बसवतात त्या धातूच्या रॉडबद्दल. माझ्या आईचंही तसंच झालं. फोंड्याला पावसात अंगणातल्या शेवाळावर घसरून खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर पाचव्या महिन्यात चालताना कट्कन आवाज आला. एक्स-रेत रॉड स्क्रूच्या भोकापाशीच दुभंगलेला; हा स्क्रू रॉडमधून खुब्याच्या गोळ्यात, म्हणजे मांडीच्या हाडाच्या वरच्या गोल टोकात जातो. तार वाकवून वाकवून तुटते ना, तसंच. हाड जुळलं नाही की प्रत्येक पावलाचा भार धातूवरच येत राहतो.

हाच स्क्रू हाडाचा गोळा फोडून बाहेर येणं हा वेगळा प्रकार. समोरून आणि बाजूने काढलेल्या एक्स-रेंत स्क्रूचं टोक ते गोळ्याचा माथा हे अंतर मोजून बेरीज करतात. ती २५ मिमीच्या आत हवी. डॉक्टरांना हे जरूर विचारा. आणि मांडीतलं दुखणं वाढत असेल तर "वय झालं" म्हणून सोडू नका. आम्ही सोडलं होतं.